सात टी-शर्ट, आठ जणी

अन्याय झाला तो आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या काकूंवर. कधी? संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी. वेळ मी पक्की सांगू शकते, कारण शाळेच्या व्हरांड्यातलं घड्याळ माझ्या समोर होतं आणि त्या क्षणी दुसरीकडे कुठे बघावं ते मला सुचत नव्हतं. कुठे? उज्जैनच्या फ्रीगंजातल्या एका शाळेमागच्या मैदानावर, आमच्या मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सामन्यांत. कोणी केला? मंडळाच्या सचिवांनी तोंडाने सांगितलं, सहा जणींनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं, आणि सातवी मी. मी काकूंच्या अंगावरून उतरलेला टी-शर्ट माझ्या अंगात घातला.

नावं लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. भीती हे कारण नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात आमचा पाच-सहा जणांचा गट होता. बंद पडलेली मिल, चार दिवसांतून एकदा येणारं नळाचं पाणी, रॉकेलच्या रांगा, जे दिसेल त्यावर आम्ही पत्रक काढायचो आणि घंटाघराखाली उभं राहून वाटायचो. लोक घ्यायचे, घडी घालायचे, आणि पुढच्या टपरीवर त्यात भजी गुंडाळून खायचे. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. भजी संपल्यावर तरी वाचतील, असं आम्ही म्हणायचो.

मंडळात मी आईवडिलांमुळे जायची. आई सरकारी शाळेत शिक्षिका, बाबा रेल्वेत. मंडळाच्या वर्धापनदिनाला पुरुषांसाठी क्रिकेट, व्हॉलीबॉल, दोरीखेच आणि बायकांसाठी लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, सुई-दोरा. त्या वर्षीच्या सभेत मी उठून म्हटलं की लिंबू-चमचा हा खेळ नाही, शिक्षा आहे. चाळिशीच्या बाईला तोंडात चमचा धरून पळायला लावायचं आणि वर बक्षीस म्हणून स्टीलची वाटी द्यायची. सभा हसली. पण त्याच वेळी शहरात नवीन थंड पेयाची एजन्सी आली होती, आणि तिच्या मालकाला मैदानावर बॅनर लावायचा होता. लिंबू-चमच्याला गर्दी जमत नाही हे त्यालाही कळत होतं. त्याने विचारलं, बायकांची कबड्डी ठेवता का? टी-शर्ट मी देतो. सात इकडे, सात तिकडे. म्हणजे माझ्या भाषणाने जे पाच वर्षांत झालं नसतं ते कोल्ड्रिंकवाल्याने पाच मिनिटांत केलं. ही गोष्ट मला तेव्हाही झोंबली होती.

दोन संघ ठरले. आमचा फ्रीगंजचा आणि नानाखेड्याच्या नव्या कॉलन्यांतला. सचिव माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "बोललीस ना, आता खेळून दाखव."

मी जन्मात काही खेळले नव्हते. शाळेत पीटीच्या तासाला मी इतरांच्या चपला सांभाळायची. आमच्या संघात आई, बँकेतल्या एक वहिनी, एकाच घरातल्या दोघी जावा, आणखी दोघी, आणि मी. सात पुऱ्या झाल्या. हातात सहा आठवडे होते.

पहिल्या दिवशी आईने शाळेतून नियमांचं पुस्तक आणलं. मैदानावर पोरांनी गिल्ली-दांड्यासाठी खणलेले खळगे होते, त्यांत पाय मुरगळू नये म्हणून आम्ही कडेकडेने उभ्या राहिलो आणि पुस्तक वाचू लागलो. पलीकडच्या अंगणात जायचं, एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणायचं, कोणाला तरी शिवायचं, दम न तोडता मध्यरेषेवर परत यायचं. वाचायला सोपं होतं. बँकेतल्या वहिनी पुस्तकावर बोट ठेवून विचारत होत्या की चढाई करणारीने श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने.

काकू तेव्हा आईकडे किल्ली द्यायला आल्या होत्या. हातात पिशवी, पायात स्लिपर. भिंतीपाशी थांबून त्यांनी आमचं वाचन पाच-सात मिनिटं बघितलं. मग आईला म्हणाल्या, "वहिनी, अशा उभ्या राहिल्या तर तिकडून एक पोरगी येईल आन् चौघींना घेऊन जाईल."

आई म्हणाली, तुम्हाला येतं का?

काकूंनी पिशवी भिंतीवर ठेवली, स्लिपर काढल्या, पदर खोचला, निऱ्यांचा काष्टा मारला आणि आमच्या अंगणात शिरल्या. आवाज बारीक, एकसारखा, शिलाई मशीन चालावं तसा. आम्ही मागे सरलो, एकमेकींवर आदळलो. त्या परत गेल्या तेव्हा आमच्यातल्या पाच जणी बाद होत्या आणि मला तर कधी शिवल्या ते कळलंही नव्हतं.

मग समजलं ते असं. काकू खानदेशातल्या. आठवीपर्यंत शाळेच्या संघात होत्या, तिकडे त्याला हुतूतू म्हणायचे. तालुक्याचा सामना ठरला, त्याच्या आठवडाभर आधी घरच्यांनी सांगितलं, आता मोठी झालीस, चार माणसांसमोर खेळायचं नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं, नवरा उज्जैनच्या मिलमध्ये होता, म्हणून इकडे आल्या. मिल बंद पडली तसे यजमान शहराच्या टोकाला भैरवगढला छापलेली कापडं नदीवर धुण्याच्या कामाला लागले. दोघं तिकडेच एका खोलीत राहत. काकू रोज सकाळी टेम्पोने फ्रीगंजला येऊन चार घरच्या पोळ्या करत. चारही घरं मंडळातली. आमच्याकडे त्या सहा वर्षं येत होत्या आणि आम्हाला त्यांच्याबद्दल एवढंच पक्कं माहीत होतं की त्यांची पोळी फुगते.

आठवड्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं की काकूंशिवाय आपला निभाव लागणार नाही. सातव्या त्या खेळतील आणि मी राखीव, असं ठरलं. ठरवताना कोणी वाद घातला नाही, मीही नाही. उलट मलाच ते सगळ्यांत जास्त आवडलं होतं. ज्या बाई लोकांच्या घरी राबतात त्या मंडळाच्या मैदानावर आमच्या पुढारी! याच्यावर एक पत्रक निघेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं होतं.

काकूंना काय हवं होतं ते त्यांनी एकदाच सांगितलं. रेषा आखायला चुना कालवत होत्या, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकदा माणसं बसलेली असताना खेळायचंय. बस, एकदा." त्यांनी यजमानांना सांगून ठेवलं होतं, त्या रविवारी काम घ्यायचं नाही, बघायला यायचं.

सराव रोज दुपारी चार ते साडेपाच. त्याआधी सकाळी उजाडताना मैदानाला फेऱ्या. डिसेंबर-जानेवारीची उज्जैनची थंडी, नाकातून पाणी, आईच्या डोक्याला मफलर. पहिल्या दिवशी मी दीड फेरीत बसले. तिसऱ्या आठवड्यात आठ फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन सहा पोळ्या खाल्ल्या. नखं काकू स्वतः अंगठा फिरवून तपासत, टोचलं की परत पाठवत. बांगड्या काढायला जावा तयार नव्हत्या, तर त्यांच्यावर रुमाल बांधले. मंगळसूत्रं ब्लाउजच्या आत पिनेने अडकवली. दम वाढवायला काकूंनी स्वयंपाकघरातली युक्ती दिली. पोळी तव्यावर टाकली की कबड्डी सुरू करायची, आणि ती फुगून उतरेपर्यंत तोडायची नाही. फ्रीगंजच्या दोन-तीन गल्ल्यांत त्या महिन्यात सकाळी स्वयंपाकघरातून कबड्डी-कबड्डी ऐकू यायचं. माझ्या पोळ्या जळायच्या पण दम वाढला.

हाताने शिवणं आम्हाला जमलं. अडलं ते पायापाशी.

काकू म्हणायच्या, हात दोन फूट पोचतो, पाय तीन फूट. कोपऱ्यातल्या बाईला पायाने घ्या, ती सावध नसते. बाजूने लाथ कशी मारायची, मागे वळता वळता कशी मारायची, त्यांनी दाखवलं. "लाथ" हा शब्द ऐकून दोघी जावा पदर तोंडाला लावून हसल्या. मग धाकटी चढाईला गेली. तिचा पाय थोरलीच्या गुडघ्याला लागला, आणि "कबड्डी" म्हणता म्हणताच ती खाली वाकली, थोरलीच्या गुडघ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. दम तुटला. थोरली म्हणाली, "असू दे गं." काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

सगळ्यांचं तेच. पाय लागला की हात खाली, मग कपाळाला. बँकेतल्या वहिनींचं तेच, आईचं तेच. कोणी ठरवून करत नव्हतं. लहानपणापासून पुस्तकाला, ताटाला, माणसाला पाय लागला की जे करतो ते आपोआप होत होतं. आणि माझंही तेच झालं, याची मला फार चीड आली. मी चौदाव्या वर्षी घरात जाहीर केलं होतं की पाय लागलेल्या पुस्तकाला मी यापुढे नमस्कार करणार नाही. कॉलेजात मोठ्यांच्या पाया पडण्याविरुद्ध एक अख्खं पत्रक मी लिहिलं होतं. आणि इथे बँकेतल्या वहिनींच्या पोटरीला माझा अंगठा लागला तर कंबर माझ्या आधी वाकत होती. काकू म्हणाल्या, "तू तर पर्चे वाटते ना?" जावा पुन्हा हसल्या.

आठवडा असाच गेला. मग काकूंनी वेगळं केलं. म्हणाल्या, एकमेकींवर नको, माझ्यावर करा. त्या एकट्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि आम्ही एकेक करून त्यांच्यावर चढाई केली. नडगीला, गुडघ्याला, मांडीला. बाजूची लाथ, मागची लाथ. आश्चर्य म्हणजे एकीचाही दम तुटला नाही. आमचे पाय सरळ जायचे, लागायचे आणि आम्ही सरळ परत यायचो. चार दिवसांत लाथ सफाईदार झाली. काकूंच्या नडग्या हिरव्यानिळ्या झाल्या, घरी जाऊन त्या हळद-तेल चोळायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, खेळात होतंच. आणि आम्ही सगळ्या एकमेकींना म्हणायचो, शिकवावं तर काकूंनी.

रविवार आला. मैदानाभोवती सतरंज्या, मागे खुर्च्या, कडेला लाल बॅनर, तिळगुळाच्या पुड्या. लोक चांगले दीडदोनशे असतील, मला मोजता येत नाही. टी-शर्ट आले होते, त्याच लाल रंगाचे, पाठीवर बाटलीचं चित्र. सगळ्यांना मोठेच होते. जावांनी पंजाबी ड्रेसवर घातले. काकूंनी काष्ट्याच्या साडीवर घातला, बाह्या कोपरापर्यंत आल्या. त्यांनी पाठीवरची बाटली दिसते का म्हणून मान वळवून बघितलं. यजमान सतरंजीच्या अगदी टोकाला, धुतलेला पांढरा सदरा घालून बसले होते. मी राखीव म्हणून पाण्याची कळशी सांभाळत होते.

पाचला सामना. चार पन्नासला सचिव हातात वही घेऊन आले. आवाज चढवला नाही. उलट फार सौम्यपणे म्हणाले की नानाखेड्याच्या संघाने हरकत घेतली आहे. पोळ्यावाल्या बाई सभासद नाहीत. मंडळाच्या घटनेत स्पष्ट आहे, सभासद व त्यांचे कुटुंबीय. आज यांना खेळवलं तर उद्या कोणी बाहेरून खेळाडू आणेल. आई म्हणाली, त्या सहा वर्षं आमच्या घरात आहेत. सचिव म्हणाले, "घरात आहेत, घरातल्या नाहीत. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला काय सांगायचं?"

आता इथे नीट सांगते. सभासद व्हायला एक अर्ज लागतो आणि त्यावर दोन सभासदांच्या सह्या. तो कोरा अर्ज आमच्या कपाटाच्या खणात पडून होता. आई आणि बाबा, दोन्ही सह्या एका घरात. सहा आठवड्यांत आम्ही बांगड्यांचा विचार केला, नखांचा केला, श्वास नाकाने घ्यायचा का तोंडाने याचाही केला. अर्जाचा केला नाही.

आणि दुसरी गोष्ट. मी त्या वेळी म्हटलं, "हे बरोबर नाही." एकदाच म्हटलं, आणि ज्या आवाजात म्हटलं तो घंटाघराखालचा आवाज नव्हता. त्या सहा जणी आणि मी रेषेबाहेर जाऊन बसलो असतो तर सामनाच झाला नसता. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. नंतर सुचलं असं मी लोकांना सांगितलं आहे, ते खोटं आहे. सुचलं होतं. पण मला खेळायचं होतं. इतक्या सकाळी फेऱ्या मारल्या होत्या, दम पोळीभर टिकत होता, आणि काकू गेल्या की सातवी मीच होते. म्हणून मी घड्याळाकडे बघत राहिले.

काकू शाळेच्या न्हाणीघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा टी-शर्टची चौकोनी घडी केलेली होती, आमच्याकडे धुतलेल्या टॉवेलांची करत तशी. ती माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यातल्या बाईंचं वजन मागच्या पायावर असतं. पायाने घे त्यांना." आणि जाता जाता वळून, "आन् वाकू नको."

मग जाऊन यजमानांच्या शेजारी बसल्या. माणसं बसलेली होती, आणि त्या माणसांतच त्या बसल्या.

सामना चांगला झाला. खरंच चांगला झाला. थोरल्या जाऊबाईंनी एक पकड अशी केली की पुरुष खुर्च्यांवरून उठले. माझी पाळी चौथी आली. डाव्या कोपऱ्यात नानाखेड्याच्या कर्णधार होत्या, एका बँक मॅनेजरांच्या पत्नी, पन्नाशीच्या, भारदस्त. काकूंनी सांगितलं तसंच वजन मागच्या पायावर. मी डावीकडे झुकले, उजवीकडे गेले, पाय टाकला. माझा अंगठा त्यांच्या नडगीला स्वच्छ लागला. परतले की गुण होता. मध्यरेषा माझ्यामागे तीन पावलांवर होती.

आणि मी वाकले. उजवा हात त्यांच्या पायाला, तिथून कपाळाला. "कबड्डी" मधला "कब" तोंडातच राहिला. बाईही इतक्या बेसावध की त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि त्या म्हणाल्या, "सुखी रहा." त्यानंतर त्यांच्या संघातल्या चौघी आम्हा दोघींवर पडल्या.

पंचांना हसू आवरेना, शिट्टी वाजेना. सगळं मैदान हसत होतं. मी उठून केसांतली माती झटकली आणि पहिल्यांदा काकूंकडे बघितलं. यजमानांना काय झालं ते कळलं नव्हतं. काकू त्यांना करून दाखवत होत्या, बसल्या बसल्याच, हात खाली नेऊन, मग कपाळाला लावून. त्याही हसत होत्या.

आम्ही तीन गुणांनी जिंकलो. धाकट्या जाऊबाईंनी काकूंची मागची लाथ मारून शेवटी दोघींना घेतलं. ढाल मिळाली, फोटो निघाला. मंडळाच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात ढाल आहे, वर भिंतीवर फोटो आहे. त्यात डावीकडून दुसरी मी.

संध्याकाळी घरी बाबांना तो प्रसंग सांगता सांगता आईला हसून ठसका लागला. "सहा आठवडे शिकून शेवटी आशीर्वाद घेऊन आली." मीही हसत होते. मग आई म्हणाली, काकूंसमोर तर एवढं छान जमायचं हिला. हिलाच काय, सगळ्यांनाच.

माझं हसू तिथेच थांबलं. आईचंही थांबलं, पण ती उठून कुकर लावायला गेली.

काकूंच्या नडगीला माझा पाय किती वेळा लागला असेल? रोज पंधरा-वीस वेळा तरी. एकदाही माझा हात खाली गेला नव्हता. शिकले म्हणून गेला नाही, असं समजत होते. शिकले असते तर मॅनेजरांच्या पत्नीसमोरही गेला नसता. ज्या कंबरेला माणसामाणसांतला फरक मान्य नाही असं मी चौकात ओरडून सांगत होते, त्या कंबरेला फरक पाठ होता. काकूंची जात विचारू नका. ती सांगून तुम्हाला सोपं करून द्यायचं नाही मला.

सोमवारी सकाळी साडेसातला काकू नेहमीप्रमाणे आल्या. कणीक मळून झाकून ठेवली होती. मी ओट्याशी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते रात्री जुळवलं होतं, ते सगळं विसरले आणि एवढंच म्हटलं की तुमच्यासमोर मी कधी वाकले नाही.

त्यांनी लाटणं थांबवलं नाही. "पहिल्याच दिवशी पता चललं मला. तुम्ही सगळ्याच. म्हटलं चला, माझ्यावर तरी यांना खेळता येईल." पोळी तव्यावर टाकली. "शिकायला कुठून तरी सुरुवात पाहिजे ना."

मी म्हटलं, वाईट नाही वाटलं?

"वाटलं ना. मग? सातव्या आठवड्यात वाटून घेईन म्हटलं. आधी सामना होऊ दे." पोळी फुगली, त्यांनी ती उतरवली. "तो तर झाला नाही."

त्या दिवशी मी कपाटातला अर्ज काढला. आई-बाबांनी सह्या केल्या. बाबांनी केली, पण पेन बराच वेळ हातात धरून. सचिवांनी अर्ज घेतला, पुढच्या बैठकीत ठेवू म्हणाले. पुढच्या बैठकीनंतर त्याच्या पुढच्या. मग मी पत्रक लिहिलं. चांगलं झालं होतं, माझ्या आजवरच्या पत्रकांत सगळ्यांत चांगलं. छापायच्या आधी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "वाटू नको. चार घरं आहेत माझी. पर्चा तुझा, घरं माझी जातील." ते पत्रक मी फाडलं, आणि तेव्हापासून मी दुसऱ्यांवरच्या अन्यायाबद्दल लिहिताना आधी त्यांना विचारायला लागले. बरेच जण नको म्हणतात. हे आमच्या गटात कोणी मला शिकवलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत काकूंनी पोळ्यांची घरं सोडली. भैरवगढला त्यांच्या खोलीत एक लांब टेबल आहे, यजमान कापडावर लाकडी छापे मारतात, काकू रंग कालवतात, चादरी विकतात. मी परवा गेले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत मेंदीच्या काळपट लाल रंगाने भरलेले होते. चहा यजमानांनी केला. मी विचारलं, आता लिहू का?

त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "लिही. नावं नको टाकू. माझं पण नको, मंडळवाल्यांचं पण नको. चादरी घेतात आपल्याकडून." मग छाप्यावरचा रंग कपड्याने पुसत म्हणाल्या, "माझं वय झालं असं लिहू नको. गुडघे ठीक आहेत माझे."

मी निघताना खाली वाकायला गेले. मुद्दाम. त्यांनी रंगाचा हात मधे घातला. "पाय लागला का तुझा? नाही ना? मग?"

तर हे लिहिलं, त्यांना विचारून. आता तुमचं काम.

तुमच्या गावात मंडळ असेल. इंदूरला आहे, देवासला आहे, पुण्यात तर गल्लीगल्लीत आहे. त्याची घटना एका वहीत असेल आणि त्या वहीत "सभासद व त्यांचे कुटुंबीय" हे शब्द असतील. या आठवड्यात ती वही मागून घ्या. तुमच्याकडे पोळ्या करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईंना विचारा, तुम्ही लहानपणी काय खेळायच्या? उत्तर मिळेपर्यंत स्वयंपाकघरातून हलू नका. मग त्यांना विचारा, आता खेळायचंय का? हो म्हणाल्या तर कोरा अर्ज घ्या, त्यांचं पूर्ण नाव लिहा, खाली तुमची सही करा आणि शेजाऱ्याची घ्या. सामन्याच्या दिवशी नाही, आधी. आणि टी-शर्ट सातच आले, तर तुमचा काढून द्या.